डावा हात पुढे करा

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी कल्याणच्या धर्मार्थ दवाखान्याच्या मागच्या अंगणात सोवळ्यात नेसायचा एक रेशमी मुकटा उकळत्या पाण्यात टाकण्यात आला. टाकणारे दवाखान्यातले पट्टीवाले अण्णा होते. चुलीत लाकडे सारणारे डॉक्टर होते. मुकट्याचा रंग ताबडतोब सुटला आणि पाणी तांबडे झाले. कुंपणापलीकडे माणसे जमली होती. त्यांतल्या काहींनी तोंड फिरवले.

प्लेग यायला तेव्हा बरीच वर्षे होती. मी ठाण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला कल्याणच्या बातम्या पाठवत असे. बंदरावर कोणता माल उतरला, तलावाच्या गाळाचे काय झाले, आणि दवाखान्यात किती आले, किती गेले, ही माझी आठवड्याची फेरी. डॉक्टरांची ओळख त्या फेरीत झाली. खाली लिहिले आहे ते बरेचसे मी पाहिलेले आहे. जे पाहिलेले नाही, ते कोणी सांगितले हे त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

दवाखाना एका शेटजींनी आईच्या नावाने बांधला होता आणि सरकारने त्याला माणसे दिली होती. पुढे औषधांची खोली, मागे खाटांची लांब खोली, बाजूला पट्टी बांधायची छोटी खोली, त्यामागे विहीर. वारा खाडीकडून आला की चिखलाचा वास येई. इतर वेळी कार्बोलिकचा. हे औषध मुंबईहून काळ्या बाटल्यांतून येई. विलायतेत शस्त्रक्रियेच्या जखमा त्याने धुतात आणि मग त्या सडत नाहीत, हे डॉक्टर मुंबईच्या मेडिकल कॉलेजात शिकले होते. शिकलेले बहुतेक लोक परीक्षेनंतर विसरले. डॉक्टरांनी ते इतके मनावर घेतले की ते जेवायला बसले तरी शेजारचा पाट रिकामा राही. त्यांच्या कोटाच्या खिशात एक लहान बाटली कायम असे आणि तिचे बूच घट्ट बसत नसे.

माणूस उंच, खांद्यात वाकलेला. नाक मोठे, आणि ते नुसते शोभेला नव्हते. डॉक्टर प्रत्येक गोष्टीचा वास घेत. पट्टीचा, पाण्याच्या हंड्याचा, दाराच्या कडीचा, खाटेच्या सुंभाचा. नवीन माणूस भेटला की नमस्काराऐवजी म्हणत, "हात दाखवा." हात पुढे आला की त्यावर वाकून हुंगत. खडवलीकडची एक बाई पहिल्यांदा आली तेव्हा ती समजली, हे हात पाहणारे आहेत.

"काय लिवलंय माझ्या हातात?" तिने विचारले.

"नखात शेण आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढचं नंतर सांगतो."

मिशांची गोष्ट त्यांच्या वडिलांनी मला सांगितली. वडील ठाण्याला असत. कचेरीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. मिशांत घाण अडकते आणि जखमेवर वाकलेल्या माणसाला मिशा असू नयेत असे डॉक्टरांनी कुठेसे वाचले आणि त्याच दिवशी न्हाव्याला बोलावले. आपल्याकडे वडील असताना मुलगा मिशा काढत नाही. दुसऱ्या दिवशी लोक समाचाराला येऊ लागले. डॉक्टर औषधे देण्यात गुंतलेले. कोणी "फार वाईट झालं" म्हणाले की ते त्याच्याच दुखण्याबद्दल समजून "होईल बरं" म्हणत. त्या आठवड्यात वडील सहज मुलाला भेटायला गाडीने कल्याणला उतरले. स्टेशनाबाहेर त्यांना एक जुने स्नेही भेटले आणि जागच्या जागी उभे राहिले.

"मी अजून आहे," वडील त्यांना म्हणाले. "चौकशीबद्दल आभारी आहे."

घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितले, "मिशा वाढव, नाहीतर मी खरंच जातो."

"बाबा, मिशीच्या केसात काय काय राहतं ते भिंगातून दाखवू?"

"जेवण झाल्यावर दाखव," वडील म्हणाले.

मिशा पुन्हा वाढल्या नाहीत. वडील त्यानंतर दर महिन्याला कल्याणला येत आणि स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत मुद्दाम चालत जात, म्हणजे सगळ्यांना दिसावे.

डॉक्टरांची अडचण अशी होती की जखमा धुऊन ते घरी जात आणि मागे नातेवाईक येत. एकेका खाटेवर चार चार जण बसत. कोणी पट्टी सोडून पाही, कोणी फुंकर घाली, कोणी लुगड्याच्या पदराने पू पुसून त्याच पदराने मुलाचे नाक पुसे. हळद येई, राख येई, गावदेवीचा अंगारा येई. डॉक्टर त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांबद्दल सांगत. लोक मन लावून ऐकत आणि पूर्वीसारखेच वागत. एकाने विचारले, "दिसत नाहीत, तर तुम्हाला कोणी सांगितलं आहेत म्हणून?" डॉक्टरांनी अर्धा तास उत्तर दिले. तो मनुष्य शेवटी म्हणाला, "म्हणजे तुम्हीही पाहिले नाहीत."

चैत्रात डॉक्टरांनी भाषण बंद केले आणि खाटांच्या खोलीच्या दारात उभे राहून एवढेच जाहीर केले, "आजपासून जखम सोवळ्यात आहे. सोवळ्यातल्या माणसाशिवाय कोणी शिवायचं नाही."

हे मात्र सगळ्यांना कळले. कल्याणात सोवळे समजावून सांगावे लागत नाही. जे स्वतः पाळत नाहीत त्यांनाही दुसऱ्याचे कसे सांभाळायचे ते ठाऊक असते. बायका पदर आवरून भिंतीला लागून उभ्या राहू लागल्या. मुलांना "शिवू नको रे, सोवळ्यात आहे" म्हणून मागे ओढू लागल्या. खाटेवर कोणी बसेना. अंगारा उशाच्या कोनाड्यात ठेवायचा आणि तिथूनच पाया पडायचे, असे ठरले.

हात धुण्याचे त्यांनी असेच केले. दारात पाण्यात मिसळलेले कार्बोलिक घेऊन बसत आणि येणाऱ्याच्या तळहातावर पळीने घालत. लोक आपण होऊन हात पुढे करत. पहिल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून ते पिऊ लागले. डॉक्टर ओरडले, तोवर ओठ भाजले होते. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर म्हणू लागले, "डावा हात पुढे करा." डाव्या हातावर तीर्थ कोणी घेत नाही, त्यामुळे तोंडाकडे कोणाचाही हात गेला नाही. मग तो हात उजव्यावर चोळायला ते सांगत. पुढे पुढे गावातली पोरे त्यांना रस्त्यात पाहिले की डावा हात पुढे करून पळत. डॉक्टर थांबत, खिशातून बाटली काढत, आणि खरोखरच दोन थेंब घालत.

सोवळ्याचा हा हुकूम ज्यांनी सगळ्यांत मनापासून उचलला ते अण्णा. अण्णा भिक्षुकाच्या घरातले. घरात खाणारी तोंडे फार झाली म्हणून दवाखान्यात लागलेले. पूर्वी पट्टी बांधताना ते मान फिरवून, बोटांच्या टोकांनी काम करत आणि संपल्यावर विहिरीवर जाऊन घागरीवर घागरी ओतून घेत. पट्टीची खोली सोवळ्यात गेल्यावर त्यांचे वागणे बदलले. जे काम विटाळाचे होते ते आता नेमाचे झाले. सकाळी आंघोळ करून, आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घातलेले सुती धोतर काठीनेच काढून नेसत आणि मग जखमेला हात लावत. चिमटे पळी-ताम्हनासारखे घासत. कोणी आत डोकावले तर आतून आवाज येई, "लांब! लांब!" डॉक्टरसुद्धा त्या वेळी उंबरठ्याबाहेर उभे राहून बघत. नियम त्यांनीच केला होता.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. जखमा पू न होता भरून येऊ लागल्या. ठाण्याहून तपासणीला येणारे सर्जन साहेब दर खेपेला पट्ट्या उघडून पाहत आणि दर खेपेला काहीतरी चूक सापडेल अशा बेताने चष्मा लावत. चूक सापडत नसे. डॉक्टर त्या दिवशी घरी गोड करायला सांगत, असे अण्णा म्हणत. डॉक्टरांच्या घरी विचारले तर त्यांच्या पत्नीने उत्तर दिले, "गोडाचं सांगतात, पण कोट पडवीत काढल्याशिवाय पानावर बसू देत नाही मी."

मार्गशीर्ष लागला आणि जखमा बिघडू लागल्या. आधी हाताला फरशी कुऱ्हाड लागलेला एक सुतार. जखम लहान होती. तिच्या कडा लाल झाल्या, लाली कोपरापर्यंत चढली, मग खांद्यापर्यंत. कातडीवर पसरणाऱ्या या लालीला आपल्याकडे धावरे म्हणतात. सुतार त्या तापातच दगावला. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचे गळू फोडले होते, ते पुन्हा भरले.

डॉक्टरांचे हसणे बंद झाले. कार्बोलिकमध्ये दुकानदाराने पाणी घातले असेल म्हणून त्यांनी नवीन बाटली आणवली. विहिरीचा दोर बदलला. सुतार होता ती खाट जाळली. स्वतःच्या कोटाच्या बाह्या कापून टाकल्या आणि कल्याणच्या बाजारातून तसेच अर्ध्या बाह्यांनी हिंडले. खोलीतली एकेक वस्तू उचलून हुंगत ते फिरत असत. त्या दिवसांत मी बातमीसाठी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, तिचाही वास घेतला आणि परत दिली.

त्याच सुमारास दिवा गावाच्या बाजूहून भरतीबरोबर एक होडी कल्याण बंदरात आली. तिच्यात धर्मा नावाचा आगरी होता. मिठागराच्या बांधाचा दगड त्याच्या पायावर घसरला होता. नडगी मोडून हाडाचे टोक कातडीबाहेर आले होते. अशा पायाला त्या काळी एकच उपाय करत: मांडीपासून काढणे. जखम सडायच्या आत पाय गेला तर माणूस वाचे. पुष्कळदा तसाही वाचत नसे.

धर्माबरोबर त्याची आई होती. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि तिला बाहेर बसायला सांगितले.

"दाक्तर, कापू नुको," धर्मा म्हणाला. "पाय नाय तं मी मिठागरान काय करू? बांदावर बसून बगू?"

मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात, नाहीतर पाणी खाली मुरते. धर्मा ते काम करणारा होता. त्याच्या घरात ते काम करणारा आता तोच होता.

डॉक्टरांनी पाय कापला नाही. हाड आत बसवले, जखम कार्बोलिकने धुतली, फळ्या बांधल्या. ही हिंमत त्यांनी चैत्रात किंवा आश्विनात केली असती तर कोणी काही म्हणाले नसते. सुतार जाऊन आठवडाही झाला नव्हता. साहेबांना कळवले तेव्हा उत्तर आले, शनिवारी येतो. जखम चिघळली असल्यास रोग्याला त्याच गाडीने ठाण्याला नेऊन पाय काढला जाईल.

धर्माची आई दारात ठाण मांडून बसली. तिला सोवळ्याचे सांगितले तेव्हा तिने डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"तू बामन नाय न् काय नाय, मंग तुला सोवलं कशाला?"

"मला नाही, आजी. पायाला आहे."

"पायाला? आमचे सात पिढ्यांचे पाय चिखलान गेले. आता यो एक बामन जाला?"

"तेवढा एक झाला, असं समजा."

"आये, गप बस गो," आतून धर्मा म्हणाला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग मंगळवारी जखमेच्या वरच्या कडेला लाली दिसली. डॉक्टरांनी काजळाची डबी मागवली आणि लाली जिथे संपत होती तिथे पायावर रेघ ओढली. बुधवारी सकाळी लाली रेघेच्या बाहेर आली होती. त्यांनी वर दुसरी रेघ ओढली. गुडघा फार लांब राहिला नव्हता.

"हे काय करतंस?" आईने दारातून विचारले.

"बघतोय, कुठपर्यंत जाते."

म्हातारीने हात जोडले आणि लालीशी बोलू लागली. "बाय गो, यी रेघ वलांडू नुको. तुला साडी घालीन, नारल देईन, पन वलांडू नुको."

गुरुवारी सकाळी थंडी होती. डॉक्टर दारात पळी घेऊन बसले होते आणि त्यांनी, नेहमी करत तसे, आपल्या माणसांचेही हात पाहायला सुरुवात केली. अण्णा पट्टीच्या खोलीत जाण्याआधी उंबरठ्याशी आले, डावा हात पुढे केला, कार्बोलिक घेतले, दोन्ही हात चोळले. डॉक्टरांनी पाट न सोडता, स्पर्श न करता, दुरून मान लांब करून वास घेतला. कार्बोलिकचा होता. अण्णा आत गेले. चिमटा विसरला म्हणून पुन्हा बाहेर आले.

"अण्णा, हात दाखवा."

"आत्ताच दाखवला."

"पुन्हा दाखवा."

अण्णांनी हात पुढे केला. मी तिथे चार हातांवर उभा होतो. डॉक्टर वाकले आणि तसेच राहिले. मग सावकाश म्हणाले, "मघाशी कार्बोलिकचा वास होता. आत्ता कसला आहे?"

"मला काय ठाऊक? तुमच्यासारखं नाक नाही मला."

"मधे हात कशाला लावलात?"

"कशालाही नाही. थंडीत ओल्या हातांना भेगा पडतात, म्हणून पुसले."

"कशाला पुसलेत?"

"मुकट्याला."

तेव्हा डॉक्टरांनी अण्णांच्या कमरेकडे पाहिले. सुती धोतर नव्हते. तांबडा रेशमी मुकटा होता. सुती वस्त्र सोवळ्यात घ्यायचे तर ते रोज धुवावे लागते आणि कोणाच्या स्पर्शाशिवाय वाळवावे लागते. रेशमाला ती अट नाही. ते न धुताही शुद्धच मानतात. उन्हाळ्यात धोतर तासाभरात वाळे. मार्गशीर्षात ते ओलसर राही, अण्णांना हुडहुडी भरे, म्हणून महिना लागताच ते मुकटा नेसू लागले होते. शास्त्राने दोन्ही सोवळेच. त्यामुळे हा बदल सांगण्यासारखा आहे असे त्यांना वाटले नव्हते. दवाखान्यात इतरांनीही तो पाहिला होता आणि कोणालाही त्यात पाहण्यासारखे काही दिसले नव्हते.

"हा केव्हा धुतला होता?" डॉक्टरांनी विचारले.

अण्णा मोकळेपणाने हसले. "मुकटा? डॉक्टरसाहेब, मुकटा धुतात होय? माझ्या वडिलांचा आहे हा. त्यांनी कधी धुतला नाही, त्यांच्या वडिलांनी धुतला नसेल."

"जरा इकडे या."

डॉक्टर उठून पुढे झाले. अण्णा झटकन मागे सरले. "शिवू नका! सोवळ्यात आहे मी."

डॉक्टर थांबले. हात मागे घेतला. सगळा दवाखाना त्यांनी हुंगला होता. विहिरीचा दोर, खाटेचे सुंभ, बातमीदाराची पेन्सिल. हे एकच वस्त्र राहिले होते, कारण त्याच्या जवळ जायचे नाही असा हुकूम होता आणि तो हुकूम त्यांचा होता.

"अण्णा," ते म्हणाले, "तुम्हीच त्याचा वास घ्या."

अण्णांनी मुकट्याचे टोक नाकाशी नेले. थोडा वेळ धरले. खाली सोडले.

"सुताराची पट्टी सोडल्यावर हात याला पुसले होतेत?"

अण्णांनी तळहात उलटून पाहिले.

"त्या गळूवाल्या बाईची?"

"म्हणजे सुतार माझ्यामुळे गेला, असं म्हणता?"

"माझ्यामुळे," डॉक्टर म्हणाले. "सोवळं हा शब्द तुम्हाला मी दिला. तुम्ही तो माझ्यापेक्षा नीट पाळलात. आता शनिवारी साहेब येतील आणि धर्माचा पाय जाईल. त्याआधी हा मुकटा उकळायचा आहे. मी हिसकावून घेणार नाही."

"रेशीम आहे. उकळलं की गेलं."

"हो."

"घरी काय सांगू?"

"डॉक्टरला वेड लागलंय म्हणून सांगा. लोकांना पटेल."

अण्णा पट्टीच्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. डॉक्टरांनी मागच्या अंगणात चूल मांडली, हंडा चढवला आणि स्वतः जाळ घालत बसले. अण्णा आले ते पंचा नेसून, मुकटा काठीच्या टोकावर धरून. हंड्याशी येऊन त्यांनी काठी तिरपी केली.

त्याच सकाळी पट्टीच्या खोलीतल्या सगळ्या चिंध्या, चिमटे, पंचे, अण्णांचे जानवेसुद्धा उकळले. डॉक्टरांनी धर्माची जखम खालून उघडली, पू वाहू दिला, कार्बोलिकने धुतली आणि लालीच्या टोकाशी काजळाची तिसरी रेघ ओढली. अण्णांनी उकळलेल्या, ओल्या, भाजणाऱ्या पंच्याने हात पुसून पट्टी बांधली. त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि कार्बोलिक त्यांत झोंबत होते. ते तोंडाने स्तोत्र म्हणत होते. धर्मा म्हणाला, "भटजी, जरा मोठ्यान बोला, मना पन बरा वाटतंय."

दुपारपर्यंत गावात बातमी झाली. संध्याकाळी दोन प्रतिष्ठित गृहस्थ दवाखान्यात आले. डॉक्टरांनी एका ब्राह्मणाचे सोवळे जबरदस्तीने बाटवले, याचा जाब त्यांना हवा होता. डॉक्टर बोलायला उठत होते. त्यांच्या आधी अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"मुकटा माझा, हात माझे, काठी माझी," ते म्हणाले. "तुमचं काय उकळलं?"

"अहो अण्णा, आम्ही तुमच्याच बाजूनं..."

"मग डावा हात पुढे करा. आत यायचं असेल तर."

ते आत आले नाहीत.

शुक्रवारी सकाळी लाली तिसऱ्या रेघेवरच होती. आई दारात उभी होती. डॉक्टर दिवसभरात कितीदा त्या खाटेशी गेले हे अण्णांनी मला सांगितले होते, पण आकडा दर वेळी वेगळा सांगत, म्हणून इथे देत नाही. ताप संध्याकाळी थोडा उतरला.

शनिवारी साहेब गाडीने आले. त्यांच्याबरोबर ठाण्याचे दोन डोलीवाले होते. साहेबांनी चष्मा लावला, पट्टी उघडायला सांगितली आणि पायावरच्या काजळाच्या रेघांकडे बोट दाखवले. डॉक्टरांनी त्यांना इंग्रजीत सांगितले: ही मंगळवारची, ही बुधवारची, ही गुरुवारची. लाली गुरुवारच्या रेघेपासून बोटभर खाली उतरली होती. साहेबांनी वाकून पाहिले. मग त्यांनीही जखमेचा वास घेतला. डोलीवाले रिकामे परत गेले.

"काय बोलला गोरा?" आईने विचारले.

"पाय इथंच राहू दे म्हणाला."

"मंग मी एवडी नारलं बोलून बसले, ती देवीला द्याची का तुज्या काजलाला?"

"दोघांना द्या," डॉक्टर म्हणाले. "मला एक पुरे."

सुताराच्या मृत्यूचा आणि बिघडलेल्या जखमांचा अहवाल डॉक्टरांनी ठाण्याला पाठवला. पाठवण्याआधी तो त्यांनी अण्णांना वाचून दाखवला आणि त्या वेळी मी खोलीत होतो. त्यात मुकट्याचा उल्लेख होता, अण्णांचा नव्हता. दोष दवाखान्याच्या प्रमुखाने दिलेल्या सूचनेचा आहे, ती सूचना शब्दशः पाळली गेली, असे लिहिले होते. अण्णा म्हणाले, "यात माझं नाव घाला." डॉक्टर म्हणाले, "तुमचं नाव इंग्रजीत फार लांब होतं."

सोवळे त्यानंतरही चालू राहिले, एका दुरुस्तीसह. पट्टीच्या खोलीत जाणारे वस्त्र, मग ते सुती असो, रेशमी असो, काशीहून आलेले असो, रोज उकळायचे. दारावर तसे लिहून लावले गेले. बोरू अण्णांनी चालवला.

मुकटा आटून गुडघ्यापर्यंत आला होता आणि त्याचा रंग धुतलेल्या विटेसारखा झाला होता. अण्णा घरी पूजेला तोच नेसत. घरातल्यांनी काय म्हटले, याबद्दल त्यांनी मला काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

धर्मा फाल्गुनात काठीशिवाय चालू लागला. पाय किंचित आखूड राहिला. पुढच्या वर्षी हंगामाआधी मी मिठागरांची बातमी करायला दिव्याकडे गेलो होतो. तिथे तो रांगेत इतरांबरोबर जमीन तुडवत होता. रांग सरळ जात होती. तो थोडा वर-खाली होत होता. त्याच्या आईने मला ओळखले आणि दवाखान्यासाठी मिठाची गोणी दिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॉक्टरांची भिवंडीला बदली झाली. हुकमात कारण नव्हते. भिवंडीला जायला खाडी ओलांडून कोनला उतरावे लागे. निघायच्या सकाळी कल्याण बंदरावर पंचवीस-तीस माणसे होती. डॉक्टरांचे वडील ठाण्याहून आले होते आणि भेटेल त्याला आपण होऊन नमस्कार करत होते. अण्णा एका बाजूला उभे होते. धर्मा दिव्याहून आला होता. त्याने दुरूनच डावा हात पुढे केला. डॉक्टरांनी तो धरला, वाकून हुंगला आणि म्हणाले, "मीठ."

"मंग काय अत्तर असंल?" धर्मा म्हणाला.

डॉक्टरांनी खिशातली बाटली काढून अण्णांना दिली. अण्णांनी तिचे बूच दाबून पाहिले. ते घट्ट बसत नव्हते.

ओहोटी होती. होडी चिखलापलीकडे पाण्यात उभी होती. डॉक्टरांना दोन कोळ्यांनी उचलून नेले. औषधांची जड पेटी मागे राहिली होती. धर्माने ती डोक्यावर घेतली, पोटरीइतक्या चिखलातून होडीपर्यंत नेली, आत ठेवली आणि चालत परत आला.